नाक उताराकडे

सगळे त्यांना उतारकाका म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. हे नाव पडलं ते गाडीमुळे. लहानशी, चार दारांची, डिझेलवर चालणारी जुनी गाडी. एके काळी निळी होती, आता रंग कोणता म्हणायचा ते ज्याच्या त्याच्या नजरेवर सोडलेलं. मागची बसायची गादी काढून टाकलेली आणि तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली शिवणयंत्रांची धडं, तेलाच्या बुधल्या, पट्टे, सुया, बॉबिनचे डबे. काका शिवणयंत्रं दुरुस्त करत. शिंप्यांच्या दुकानांत, घरोघरी, एखाद्या कपड्यांच्या कारखान्यात, जिथून बोलावणं येईल तिथे ते गाडी घेऊन जात. पण पोचले की आधी यंत्राकडे बघत नसत. आधी रस्त्याकडे बघत. उतार कुठे आहे?

कारण ही गाडी सपाट जागेवर सुरू होत नसे.

म्हणजे दिवसा, इंजिन गरम असताना, पाच-दहा मिनिटं थांबून परत किल्ली फिरवली तर ती बिनतक्रार बोले. पण रात्रभर सपाटीवर उभी राहिली किंवा दुपारी एखाद्या दुकानात काका जरा जास्त रमले, की मग किल्ली फिरवा नाहीतर तिच्या पाया पडा. नुसती घर्रर्र घर्रर्र करत राहायची. बॅटरी रडायला लागायची, मागच्या नळीतून पांढरा धूर यायचा आणि शेवटी सगळं गप्प. मग चार माणसं गोळा करून ढकला. ढकलूनही लवकर घेत नसे, अख्खी गल्ली पालथी घातल्यावर कुठे एकदा खोकायची.

उतारावर मात्र तिचं वागणं सुनेचं माहेरी गेल्यावर असतं तसं. नाक खाली करून उभी केली, सकाळी क्लच दाबून दुसरा गियर टाकला, हातब्रेक सोडला आणि गाडी घरंगळली तसा क्लच सोडला की पुढच्या विजेच्या खांबापाशी पोचायच्या आत इंजिन ठणठणीत. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. इथे अंगण सरळ म्हणून नाचता येईना, अशी गत.

तेव्हा काकांनी आयुष्यच तिरकं करून घेतलं होतं. कुठल्या शिंप्याच्या दारात उतार आहे, कुठे नाही, हे त्यांना तोंडपाठ. सपाटीवरच्या शिंपिणीने बोलावलं तर ते म्हणत, "यंत्र पुलाच्या तोंडापर्यंत आणून ठेवा, तिथे उतार आहे, मी तिथे येतो." आणि ती बाई शिव्या घालत यंत्र डोक्यावर घेऊन पुलापर्यंत येई, कारण काकांसारखा हात दुसऱ्याचा नव्हता. मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा त्यांनी गाडी दवाखान्यात रुग्णवाहिकेसाठी बांधलेल्या चढणीवर लावली. पहारेकरी धावत आला. काका म्हणाले, "आजोबा झालोय रे, तेवढं तोंड बघून येतो." पहारेकरी म्हणाला, "आजोबा व्हा नाहीतर पणजोबा, गाडी काढा." काकांनी हातब्रेक सोडून दाखवला. गाडी आपली आपण निघाली, सुरू झाली आणि पहारेकऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो म्हणाला, "ही तर जादू आहे."

"जादू नाही, म्हातारपण आहे," काका म्हणाले.

हे म्हातारपणाचं निदान त्यांचं नव्हतं, मिस्त्रीचं होतं. मिस्त्री म्हणजे त्यांचा जुना दोस्त, गाड्या दुरुस्त करणारा. त्याने एकदा कानाला पेचकस लावून इंजिनाचं ऐकलं, मान हलवली आणि सांगितलं, "डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नसते. आत हवा दाबली जाते, तापते आणि त्यावर डिझेल पेटतं. तुझ्या इंजिनाचा दाब उतरलाय. दम गेलाय त्याचा. खोलून बसलो तर परत जुळेल याची खात्री मी देत नाही. उतारावर लाव आणि चालेल तेवढी चालव." मिस्त्रीचा शब्द काकांना प्रमाण. पुढे मिस्त्री गेला आणि शब्द राहिला. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, त्यामुळे तो शब्द दिवसेंदिवस पक्काच होत गेला.

त्यानंतर काकांनी कुणालाही बॉनेटला हात लावू दिला नाही. काही माणसं छातीत दुखत असलं तरी डॉक्टरकडे जात नाहीत. गेलं की तो काहीतरी सांगेल आणि सांगितलं की ते खरं होईल. काकांचं गाडीच्या बाबतीत तसंच होतं. तेल ते स्वतः बदलत, हवेची जाळी झाडत, बॅटरी दोनदा नवी आणली, एकदा स्टार्टरची मोटार स्वतः काढून नेऊन दुरुस्त करून आणली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. पण इंजिन खोलायचं नाव निघालं की म्हणत, "नको. झाकली मूठ."

आणि खरं सांगायचं तर गाडीने त्यांना कधी दगा दिलाही नव्हता. एकदा सुरू झाली की बंद पडणं तिला माहीतच नव्हतं. ऐन उन्हात, पाण्यात, यंत्रांच्या वजनाने मागचा भाग जमिनीला टेकलेला असताना, चढावर काळा धूर सोडत, पण जायची. "माणसाने असं असावं," काका म्हणत. "सुरू व्हायला त्रास द्यावा, पण मधे सोडू नये."

एक तेवढी खोड होती. घरासमोर उतारावर उभी असली की तिच्या पोटाखाली डिझेल ठिबकायचं. धार नाही, थेंब थेंब. काका त्याखाली एक पत्र्याचा डबा ठेवत. काकू, म्हणजे त्यांची बायको, वासाने वैतागायच्या. म्हणायच्या, "गाडी आहे की तान्हं मूल? ठेवलं तिथे ओलं करतं." काका म्हणत, "म्हातारं झालं की गळायचंच. उद्या मीही गळेन." काकू म्हणत, "तेव्हा तुमच्याही खाली डबा ठेवीन."

घर टेकडीच्या अंगावर होतं. अरुंद, उभी गल्ली, दोन्ही बाजूंना घरं आणि अगदी वरच्या टोकाला यांच्या दोन खोल्या. भाडेकरू म्हणून आले तेव्हा घरमालक म्हणाला होता, "चढ आहे, चालेल का?" काका म्हणाले होते, "त्यासाठीच आलोय." बाजार खाली, दवाखाना खाली, बस खाली. सकाळी काका नाक खाली करून भुर्रकन जात आणि संध्याकाळी दुसऱ्या गियरमध्ये घुरघुरत वर येत. मधला दिवसभराचा चढउतार काकूंचा, पायी.

चढावर मधे थांबायचं नाही, हा काकांचा दुसरा नियम. थांबलो आणि बंद पडली तर नाक वर, म्हणजे सगळंच उलटं. मग मागे मागे सरकत थेट बाजारात. तरी बायकोची काळजी त्यांना नव्हती असं नाही. संध्याकाळी वर येताना काकू पिशवी घेऊन चढताना दिसल्या तर ते वेग कमी करत, खिडकीतून हात बाहेर काढत आणि ओरडत, "दे, दे, दे!" काकू पिशवी त्यांच्या हातात अडकवत. गाडी न थांबता पिशवी घेऊन वर जाई. काकू मागून येत. गल्लीत हा खेळ सगळ्यांना माहीत होता. पोरं टाळ्या वाजवत. काकांना वाटे, बायकोचं ओझं हलकं केलं. आणि ते काही खोटं नव्हतं. पिशवी हलकी नसे.

मग काकूंचा गुडघा बोलायला लागला. आधी उजवा, मग त्याच्या संगतीने डावा. डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन हलवून पाहिला आणि विचारलं, "घर कुठे?" काकूंनी बोट वर केलं. बाई म्हणाल्या, "मग मी नुसत्या गोळ्या देऊन काय उपयोग? चढ बंद करा." तेवढंच नाही. पुढे म्हणाल्या, असंच चालवलंत तर काठी घ्यावी लागेल आणि काठीने तो चढ चढता येत नाही, म्हणजे वर गेलात की वरच.

काकूंच्या धाकट्या भावाचं घर खालच्या वस्तीत होतं. तिथली जमीन ताटासारखी सपाट. त्याच्या घराला लागून तळमजल्यावर दोन खोल्या होत्या, दारातच नळ, पायरी एकसुद्धा नाही. जुना भाडेकरू गेला तसा भाऊ आला आणि म्हणाला, "ताई, तू ये. तू येणार असलीस तर मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. पण या आठवड्यात सांग, माझ्या मागे लोक लागलेत."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका शिवणयंत्राच्या पट्ट्याला गाठ मारत बसले होते.

"तिथे गाडी कुठे लावणार?" ते म्हणाले.

"दारात, दाजी. हवी तेवढी जागा आहे," भाऊ म्हणाला.

"जागा आहे रे. उतार कुठाय?"

भावाने हसू आवरलं. काकूंनी नाही आवरलं, कारण त्या हसत नव्हत्याच. "माझे पाय गेले तरी चालतील, पण तुमच्या गाडीचे चालायला हवेत, असंच ना?"

"अगं, गाडी बंद तर धंदा बंद. धंदा बंद तर खाणार काय, खोल्यांच्या भिंती?"

"मग राहा तुम्ही तुमच्या उताराला धरून. मी जाते. ज्या दिवशी मी नसेन त्या दिवशी पिशवी कुणाच्या हातातून ओढाल ते बघा."

हे भांडण नव्हतं. भांडणात काकूंचा आवाज चढतो. हा आवाज खाली होता. काकांच्या हातातली गाठ सुटली.

ती पुन्हा मारत ते म्हणाले, "एक रात्र राहून बघू. गाडी सकाळी सुरू झाली तर राहू तिथेच."

"आणि नाही झाली तर?"

काकांनी गाठ ओढून घट्ट केली. काकूंनी पिशवीत दोघांचे कपडे भरले आणि दार लावलं.

सकाळी खालच्या वस्तीत काका सगळ्यांच्या आधी उठले. नळावर तोंड धुतलं, गाडीपाशी गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती भिंतीला समांतर, नीट, जशी कुणीही शहाणा माणूस लावेल तशी लावली होती. गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी. थेंब नाही. त्यांना जरा बरं वाटलं. निदान जागा तरी हिला मानवली.

आत बसले. किल्ली अर्धी फिरवून थांबले. इंजिनात आतली हवा तापवायच्या काड्या असतात, त्यांचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. दिवा विझला. किल्ली पुरी फिरवली.

घर्रर्र. घर्रर्र. घर्रर्र.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आवाज खोल गेला. मागून पांढऱ्या धुराचा एक पुंजका आला आणि विरला. दारं उघडायला लागली. दात घासता घासता कुणी आलं, कुणी दुधाचं भांडं हातात घेऊन. मेव्हणा बनियनवर आला. "दाजी, ढकलू का?"

"ढकला," काका म्हणाले, जसा माणूस स्वतःचीच तिरडी उचला म्हणून सांगतो.

ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. दोनदा खोकली. मेव्हण्याचा दम गेला, गाडीचा तर मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे आधीच गेला होता. मागून काकू चालत आल्या. सपाटीवर त्या अगदी सरळ चालत होत्या, हे काकांना आरशात दिसलं. बऱ्याच दिवसांत त्यांना तसं चालताना पाहिलं नव्हतं.

काका खाली उतरले. "बघितलंस ना," ते म्हणाले. जिंकल्यासारखं म्हणायला गेले, पण ते तसं निघालं नाही.

कोपऱ्यावरच एक गॅरेज होतं. शटर अर्धं वर, आत एक बाई स्टुलावर बसून चहा पीत होती. अंगात काळपट डगला, केसांना फडकं बांधलेलं. काकूंनी काकांना न विचारता तिला हाक मारली. "अगं पोरी, जरा बघतेस का?"

"नको, नको," काका म्हणाले. "इंजिन म्हातारं आहे. दाब उतरलाय. मिस्त्रीने सांगितलंय."

"कोणता मिस्त्री?" गॅरेजवालीने कप खाली ठेवत विचारलं.

"तो आता नाही."

"मग त्याला नाही विचारता येणार. तुम्हालाच विचारते." ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. "नेहमी असं होतं?"

"सपाटीवर. उतारावर एका झटक्यात."

"एका झटक्यात म्हणजे? लांब जावं लागतं?"

"छे. खांबाच्या आत." काकांचा स्वर नकळत अभिमानाचा झाला.

"धूर?"

"उतारावर नाही फारसा."

"आणि आत्ता कोपऱ्यापर्यंत ढकलूनही सुरू झाली नाही." ती थांबली. "काका, दाब गेलेलं इंजिन उतार ओळखत नाही. त्याला डोळे नसतात. दाब गेला असता तर उतारावरही तुम्हाला पार बाजारापर्यंत घरंगळत जावं लागलं असतं. उतारावर कधी नुसती किल्ली फिरवून पाहिलीत?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी विचारावं की पाऊस पडत असताना कधी झारीने झाडाला पाणी घातलंत का. "उतार असताना किल्ली कशाला फिरवू?"

"म्हणजे नाही."

"नाही."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मेव्हण्याने त्यांना गॅरेजमधलं स्टूल आणून दिलं.

"खाली डिझेल गळतं का कधी?" गॅरेजवालीने विचारलं.

"घरासमोर गळतं," काकू म्हणाल्या. "डबा ठेवतात. इथे मात्र गळलं नाही."

"अस्सं." ती पहिल्यांदाच हसली. बॉनेट उघडायला हात घातला. काकांचा हात आपोआप पुढे आला, तिला अडवायला. मग तसाच परत गेला आणि खिशात बसला.

तिने फार काही केलं नाही. डिझेलची टाकी मागे, इंजिन पुढे, दोघांना जोडणारी नळी गाडीच्या पोटाखालून येते. त्या नळीचा इंजिनाजवळचा शेवटचा तुकडा रबराचा. तो तिने बोटांत धरून वाकवला. वाकवल्यावर त्याच्या पाठीवर बारीक बारीक भेगा उघडल्या, कोरड्या टाचेला पडतात तशा. मग तिने त्याच्या जागी काचेसारखी आरपार दिसणारी प्लॅस्टिकची नळी लावली, पण एक टोक मुद्दाम सैल ठेवलं आणि मेव्हण्याला किल्ली फिरवायला सांगितली. "बघा आता, काका."

काकांनी पाहिलं. नळीतून डिझेल येत होतं, पण त्यात बुडबुडे होते. बुडबुड्यामागे बुडबुडा, उकळी आल्यासारखे.

"तुमच्या भेगेतून हेच होत होतं. ही हवा. जिथून डिझेल बाहेर येतं, तिथूनच हवा आत जाते. उतारावर नाक खाली असतं, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली. डिझेल आपल्या वजनाने पुढे येऊन उभं राहतं. भेगेतून थोडं गळतं, तुमचा डबा भरतो, पण नळी भरलेली राहते. सपाटीवर ते रात्रभरात हळूहळू मागे टाकीत जातं, आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी पंप हवाच ओढत बसतो. हवेवर कोणतं इंजिन चालतं?"



तिने सैल टोक घट्ट केलं. किल्ली दोन-तीनदा फिरवली. बुडबुडे कमी झाले, बारीक झाले, मग नळी स्वच्छ सोनेरी दिसायला लागली. आणि पुढच्या किल्लीला गाडीने एक खाकरा काढला आणि बोलायला लागली. सपाटीवर. खडखड, खडखड, जशी रोज बोलते तशी. मेव्हणा "अरे वा" म्हणाला. दुधाचं भांडं घेतलेला माणूस परत निघाला, त्याच्या दृष्टीने खेळ संपला होता.

काकांच्या हातात तो जुना रबराचा तुकडा होता. वीतभरही नव्हता.

"दाखवा," काकू म्हणाल्या.

त्यांनी दिला. काकूंनी तो वाकवून पाहिला, भेगा मोजल्यासारखं अंगठा फिरवला. "एवढंसं?"

"एवढंसं," गॅरेजवाली म्हणाली. "जुन्या डिझेल गाड्यांत निम्मी दुखणी अशीच. इंजिन भक्कम असतं, भोवतालची रबरं मरतात."

"अहो," काकू काकांना म्हणाल्या, "शिंपिणींना तुम्ही काय सांगता? आधी सुई बदल, मग दोरा बघ, मग यंत्राला शिव्या दे. हेच ना?"

"हेच," काका म्हणाले.

"मी आपलं विचारलं," काकू म्हणाल्या आणि तुकडा परत दिला. त्यापुढे त्या एक शब्द बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गॅरेजवालीने आत वाकून आणखी एक पाहिलं. इंजिनाच्या कुशीत दातेरी पट्टा असतो, जो आतल्या सगळ्या हालचालींची वेळ जुळवतो. तो कधी बदलला, असं तिने विचारलं. काकांना आठवेना. बॉनेटच उघडू दिलं नव्हतं तर पट्टा कोण बदलणार? तिने त्याचा काठ नखाने खरवडला, धागे सुटले. "हा तुटला असता तर आतली झडप आणि दट्ट्या एकमेकांवर आपटले असते. मग तुमच्या मिस्त्रीचं खरं झालं असतं, इंजिन संपलं असतं. नशीब म्हणा. गाडी ठेवा, संध्याकाळी न्या."

म्हणजे म्हातारपणाला जपता जपता खरं मरण कुशीत बाळगलं होतं. काकांनी मान हलवली आणि किल्ली तिच्या हातात दिली. परक्या हातात ती पहिल्यांदाच जात होती.

काकूंच्या गोळ्या वरच्या घरी राहिल्या होत्या, काकांची हत्यारांची पिशवीही. काकू भावाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. "मी काही येत नाही. तुम्ही आणा," म्हणाल्या. काका रिक्षाने गल्लीच्या तोंडाशी आले. रिक्षावाला वर बघून म्हणाला, "वर नाही जाणार. इंजिन तापतं."

काका उतरले आणि चालायला लागले.

सुरुवातीला काही वाटलं नाही. रोजची गल्ली, रोजची दारं. फक्त दारं फार सावकाश मागे जात होती. मग पोटऱ्या ताठ व्हायला लागल्या. मग श्वास असा यायला लागला की तोंड उघडं ठेवावं लागलं. त्यांना आश्चर्य वाटलं, गल्ली एवढी उभी आहे? गाडीतून ती उभी आहे हे कळतं, पण ते इंजिनाला कळतं, आपल्याला नाही. हातात तर काहीच नव्हतं. भाजीची पिशवी नाही, तेलाची बरणी नाही.

निम्म्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान. तो कोळशाच्या इस्त्रीवर फुंकर घालत होता. त्याने मान वर केली आणि थांबला. "काका? पायी? गाडी गेली की काय?"

"गाडी ठीक आहे," काका धापा टाकत म्हणाले. "झाली नीट."

"मग बसा की. काकूंच्या जागेवर बसा."

काकांनी पाहिलं. दुकानाशेजारी एक बंद दार होतं, त्याचा दगडी उंबरा. उंबऱ्यावर घडी केलेलं पोतं. पोतं मधोमध दबून चपटं झालेलं.

"ते पोतं मी टाकलंय," इस्त्रीवाला म्हणाला. "दगड गार लागतो म्हणाल्या. रोज बसतात. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवतात, डोळे मिटतात. आणि खालून तुमची गाडी ऐकू आली की उठतात, पिशवी उचलतात, चालायला लागतात."

"का?"

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, त्यांनी मला बसलेलं बघितलं तर चढावर थांबतील. आणि थांबले तर गाडी बंद पडेल."

काका पोत्यावर बसले. तिथून खालची गल्ली पूर्ण दिसते, अगदी तोंडापर्यंत. एखादी गाडी वळली तर तिथून लगेच कळेल. इस्त्रीवाला गरम इस्त्री सदऱ्याच्या कॉलरवरून फिरवत राहिला. त्याला काही विचारायचं नव्हतं, त्याला दुपारच्या आत कपडे द्यायचे होते.

काका बराच वेळ बसले. मग उठून वर गेले, गोळ्या घेतल्या, पिशवी घेतली. दारासमोर जिथे गाडी उभी राहायची तिथे रस्ता काळा पडला होता आणि डबा तसाच पडला होता, तळाशी बोटभर डिझेल. ते त्यांनी सांडू दिलं नाही. डबा हातात धरूनच खाली आले.

संध्याकाळी गाडी आणली. जेवताना काका म्हणाले, "पोत्यावर बसून आलो."

काकूंनी वर पाहिलं. मग पुन्हा ताटात. "टोचतं ना?"

"टोचतं."

"सवय होते," काकू म्हणाल्या आणि त्यांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सपाटीवर पहिल्या किल्लीला बोलली. कुणी दार उघडून बघायलाही आलं नाही. काकांना क्षणभर चुकल्यासारखं झालं. सामान आणायला निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, मी येते, कपाट तुम्हाला लावता येत नाही, उचकटता तर त्याहून येत नाही. त्या शेजारी बसल्या.

गाडी गल्लीत वळली, दुसऱ्या गियरमध्ये घुरघुरत चढायला लागली. इस्त्रीवाल्याचं दुकान जवळ आलं. आणि काकांनी ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला आणि किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं. नाक वर, टाकी खाली, ज्या जागी ती कधीही थांबली नव्हती त्या जागी गाडी गप्प उभी राहिली.

"अहो, चढावर थांबलात," काकू म्हणाल्या.

काका खाली उतरले, उंबऱ्यावरचं पोतं उचललं, झटकलं, नीट घडी घातली आणि इस्त्रीवाल्याच्या हातात दिलं. मागे कुणाची तरी सायकल अडली होती, घंटी वाजत होती.

"काका, बंद पडली का?" इस्त्रीवाल्याने विचारलं. "ढकलायला येऊ?"

"नाही," काका म्हणाले. "बंद केली."

मग ते आत बसले, दिवा विझेपर्यंत थांबले आणि किल्ली फिरवली.